न आठवणाऱ्या काचा

३ मार्च, मंगळवार

तिसरा ट्रे मी वाचला म्हणे! वीसच्या वीस काचा. प्रत्येक चिठ्ठीवर सात नंबरचा शिक्का, म्हणजे माझाच. आणि मला त्यातली एक काच आठवत नाही.

सकाळचे दोन ट्रे आठवतात. पहिल्यात एक काच फारच जाड पसरलेली होती, पेशी एकमेकींच्या उरावर बसलेल्या. ती पाठवणाऱ्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले, तेही आठवतं. पावणेबाराला माझ्या मनाच्या डॉक्टरांकडे गेले. तीनला परत आले तर तिसरा ट्रे उजवीकडे, झालेल्यांच्या ढिगात. मी तो डावीकडे ठेवून गेले होते ना? शेजारच्या टेबलावर काचा वाचणारा आमचा एक्सप्रेस. त्याला विचारलं, "हा कधी झाला रे?" मायक्रोस्कोपमधून डोळे न काढता म्हणाला, "झाला ना, ताई? मग सुटलात!"

गेल्या मंगळवारीही असंच झालं होतं. तेव्हा म्हटलं, असेल बाई.

डॉक्टर म्हणतात रोज लिहा, नवख्याला समजावून सांगावं तसं लिहा. बरं. तर नवख्या, ऐक. गर्भाशयाच्या तोंडावरून घेतलेल्या पेशी काचेवर पसरून, रंगवून आमच्याकडे येतात. त्यात बिघडलेली पेशी शोधायची. सापडली की तिच्याजवळ शाईचा ठिपका द्यायचा आणि काच मॅडमकडे पाठवायची. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. नाही सापडली तर चिठ्ठीवर आपला शिक्का. मग कुठल्यातरी बाईला पत्र जातं— तुम्ही ठीक आहात, तीन वर्षांनी या. तीन वर्षं! बावीस वर्षं मी हे काम डोळ्यांत तेल घालून केलं आहे.

४ मार्च, बुधवार

शिक्का माझा, चिठ्ठ्या माझ्या. डोकं कोणाचं होतं कोण जाणे.

६ मार्च, शुक्रवार

सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून मी पेपर वाचून दाखवते. आज एका पुलाच्या दुरुस्तीची बातमी वाचली. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बातमी चांगली आहे गं, पण तिसऱ्यांदा ऐकली. आता पूल बांधून झाला असेल." मी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग कशासाठी आत आले होते तेच आठवेना, म्हणून पुन्हा हसले. असा सगळा आनंद आहे.

हिवाळ्यापासून हे सुरू आहे. लोकांना वाटतं नैराश्य म्हणजे रडारड. मला तर रडू येईल तो दिवस बरा जातो. बाकी दिवस नुसते जड. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. भाजीवाल्यानं किती सांगितले ते दोनदा विचारते, तिसऱ्यांदा लाजेनं न विचारताच नोट पुढे करते. गोळ्या सुरू होऊन सात आठवडे झाले. भूक आली आहे, झोप थोडी आली आहे, डोकं मात्र अजून रजेवरच.

कामावर दिवसाला साठ काचांचा नियम. पूर्वी मी सत्तर करायचे, वर एक्सप्रेसशी भांडायला वेळ उरायचा. जानेवारीत चाळिसावर आले. मॅडमनी आत बोलावून सांगितलं, अगदी हळू आवाजात, "मार्चअखेर साठवर या. नाहीतर मला तुम्हाला खिडकीवर बसवावं लागेल." खिडकी म्हणजे नमुने जमा करून घ्यायची जागा. काम वाईट नाही. पण माझं ते टेबल गेलं, तर माझ्याजवळ माझं असं काय उरतं?

९ मार्च, सोमवार

चव्वेचाळीस. एकेक काच तीनदा बघते. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं. पण माझं अजून पोळलेलंसुद्धा नाही, नुसतीच फुंकते आहे.

एक्सप्रेस शंभर करून शीळ घालत होता. नाव उगाच पडलेलं नाही. जानेवारीत तो म्हणाला होता, "ताई, तुमचे वीस मी ओढतो, कुणाला कळणार नाही." मी त्याच्यावर अशी उसळले! म्हटलं, "माझ्यावर दया दाखवायची नाही. पुन्हा असलं बोललास तर टेबल बदलून घेईन." तोंड एवढंसं झालं त्याचं. नंतर दोन दिवस माझ्या टेबलावर गोळ्या-चॉकलेटं ठेवत होता. माणूस लाख आहे. वयानं नऊ वर्षांनी लहान, पण कामावर माझी काळजी करणारा तोच एक. मी मात्र त्याच्याशी बोलताना जिभेला हाड नसल्यासारखी बोलते.

१० मार्च, मंगळवार

पुन्हा! एक अख्खा ट्रे. पुन्हा सात नंबर. पुन्हा कोरी पाटी.

मॅडम खूष. "बासष्ट! मंगळवार तुम्हाला मानवतो." माणूस दारू पिऊन असं काही विसरतो म्हणतात. मी तर साधा चहा पिते.

डॉक्टरांना ट्रेचं सांगायचं ठरवून गेले आणि सांगितलंच नाही. ताकाला जाऊन भांडं लपवलं. नुसतं म्हटलं, "डोकं चालत नाही, विसरायला होतं." ते तरुण आहेत, शर्टाचं एक बटण कायम लोंबतं. मला सुईदोरा घेऊन ते शिवायची फार इच्छा होते. पण समजावतात छान. म्हणाले, मेंदूतले काही भाग नेहमी एकमेकांशी बोलत असतात, अशा भागांचं मिळून एक जाळं म्हणायचं. एक जाळं आपण रिकामे बसलो की जागं होतं. स्वतःविषयीचे विचार, जुनं उगाळणं, उद्याची काळजी, सगळं तिथलं. दुसरं जाळं कामाचं. काम सुरू झालं की पहिल्यानं गप्प बसायचं. आणि तिसरं असतं, आता कोणाची पाळी ते ठरवणारं. नैराश्यात पुष्कळ जणांत असं दिसतं की पहिलं गप्प बसत नाही आणि तिसरं पाळी बदलायला उशीर लावतं.

मी म्हटलं, "म्हणजे वर्गात एक कार्टं सारखं बडबडतंय आणि बाई त्याला बाहेर काढत नाहीत."

"अगदी," ते म्हणाले. "आणि तुम्ही त्या वर्गात बसून गणित सोडवताय. सुटलं नाही तर तुम्ही ढ ठरत नाही."

हे ऐकून फार बरं वाटलं. जिन्यानं खाली येईपर्यंत टिकलं. मग ट्रे आठवला. म्हणजे ट्रे आठवत नाही हे आठवलं.

त्यांच्याकडे एक संशोधन चाललं आहे. असल्या माणसांच्या मेंदूची चित्रं काढतात, सोबत स्मरणशक्तीच्या चाचण्या. याल का? हो म्हटलं. बघूया तरी आत काय शिल्लक आहे.

१३ मार्च, शुक्रवार

आत गेले त्या नळकांड्यात. ठकठक, घरघर, मधेच भोंगा. पहिली दहा मिनिटं सांगितलं, काही करू नका, डोळे उघडे ठेवा, काही विशेष विचार करू नका. माझ्यासारखीला हे सांगणं म्हणजे मांजरीला दुधाची राखण! दहाच्या दहा मिनिटं तो ट्रे. त्यातली एखादी काच. त्या काचेच्या पलीकडची कोणी बाई, पत्र वाचून निःश्वास टाकणारी.

मग काम. पडद्यावर आकडे येतात, दोन आकड्यांपूर्वीचा पुन्हा आला की बटण दाबायचं. सुरुवातीला जमलं. मग एक चुकलं आणि त्या चुकीचाच विचार करत बसले, तोवर पुढचे चार गेले. बाहेर आल्यावर तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "छान न हलता झोपलात हो." कोणीतरी कौतुक केलं! घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

१४ मार्च, शनिवार

मास्तरांना तीन जाळ्यांचं समजावून सांगितलं. मास्तर म्हणजे नवरा. गाडी चालवायला शिकवतो, म्हणून सारं गाव त्याला मास्तर म्हणतं, आणि या वहीत मीही. समोर अर्थात अहो. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "इंजिनाला काही झालेलं नाही. क्लच घासलाय. गिअर पडायला वेळ लागतोय." मग जरा वेळानं, "असल्या गाडीला शिव्या देत नाहीत गं. जरा दमानं चालवतात."

तेवीस वर्षांत या माणसानं मला कधी प्रेमाचं एक वाक्य म्हटलं नव्हतं. आज म्हटलं ते गाडीविषयी. चालेल!

१७ मार्च, मंगळवार

चौथा.

आज मात्र डॉक्टरांना सगळं सांगितलं. चार मंगळवार, चार ट्रे. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

आधी त्यांनी चाचणीचं दाखवलं. पंधरा शब्द ऐकवले होते. अर्ध्या तासानं मला आपणहून सहा आठवले. पण मोठ्या यादीतून ओळखायला सांगितले तेव्हा तेरा ओळखले. म्हणाले, "शब्द आत गेलेत. बाहेर काढताना अडतंय. नैराश्यात हे नेहमी दिसतं. लक्ष, वेग, आठवून काढणं, यांना झळ बसते. पण झालेली गोष्ट मुळासकट जाणं, वीस काचा, दीड तास, एकही धागा नाही... हे माझ्या माहितीत बसत नाही."

"मग दुसरं काही असेल? मोठं?"

"तुमच्या बाकीच्या चाचण्या तसं म्हणत नाहीत. दर वेळी मंगळवारीच?"

"तुमच्याकडे यायचं असतं ना. धास्तीनं होत असेल."

ते हसले नाहीत. मेंदूचं चित्र बघून सांगा म्हटलं, मी काचा वाचायला लायक आहे की नाही. तर म्हणाले, "ते त्यात दिसत नाही. पुष्कळ लोकांची चित्रं एकत्र केली की फरक दिसतो. एकट्या माणसाच्या चित्रावरून असा शिक्का मारला तर ती थाप होईल." खरं बोलणारा माणूस. मीही कधी एका धूसर पेशीवरून ठिपका देत नाही. मग म्हणाले, "एक करून बघा. तो ट्रे काढून पुन्हा बघा. आपणहून आठवत नसलं तरी ओळखीचं काहीतरी वाटायला हवं."

१८ मार्च, बुधवार

बघितलं. जेवणाच्या सुट्टीत कपाटातून तीन मार्चचे तिन्ही ट्रे काढले.

पहिल्यातली ती जाड काच लगेच ओळखली. दुसऱ्यात एका काचेवर हवेचा बुडबुडा होता, तोही ओळखला. जुना शेजारी भेटावा तसा! इतका आनंद झाला. मग तिसरा ट्रे लावला. वीस काचा. सावकाश, एकेक. काही नाही. कुठेही काही नाही. अनोळखी माणसांची रांग.

त्यात बिघडलेलं काही नव्हतं, एवढंच नशीब. पण बाकीचे तीन ट्रे? ते उघडायचं धैर्य झालं नाही. तेवढ्यात एक्सप्रेस आला. "जुने ट्रे कशाला काढलेत, ताई?" म्हटलं, "गंमत म्हणून." तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मग शीळ न घालता जाऊन बसला.

म्हणजे डॉक्टरांनी दाखवलेली तेवढी आशाही गेली. आत काही गेलेलंच नाही. मी तिथे बसले, काचा फिरवल्या, शिक्के मारले आणि मी तिथे नव्हते.

१९ मार्च, गुरुवार

मास्तरांना सांगितलं. दोघांची जुंपली. तो म्हणाला, "कशाला सांगतेस? आता बरी होत चाललीस. मार्च निघाला की टेबल पक्कं. झाकली मूठ राहू दे." मी म्हटलं, "आणि त्या बायका?" मग त्यालाच विचारलं, "तुमच्या गाडीत तुमच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो ना? शिकणाऱ्याचं चुकलं तर तुम्ही दाबता. माझ्या शिक्क्यानंतर दहातली एखादीच काच कोणी बघतं. बाकी नऊंना ब्रेक नाही."

"म्हणजे तू म्हणतेस तूच शिकणारी?"

"मी म्हणते, गाडीत कोणी नव्हतंच."

सासूबाई कोपऱ्यात डोळ्यांवर हात ठेवून पडल्या होत्या. झोपल्यात वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तुझ्या पोटात नुसती भीती आहे. चूक झाली असेल तर ती कुणा बाईच्या पोटात वाढतेय. जा, सांगून ये." मग मास्तरांना, "आणि तू तिला सोडायला जा. उद्या शिकवणी नको घेऊस."

यांच्या तोंडाला मी आयुष्यभर घाबरत आले. आज उठून त्यांचे पाय दाबावेसे वाटले. दाबले. त्या म्हणाल्या, "जरा खाली. हां, तिथे."

२० मार्च, शुक्रवार

सांगितलं.

मॅडमनी दार लावून घेतलं. मला वाटलं आता ओरडतील. त्या टेबलाच्या अलीकडे येऊन माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "हे सांगायला काय लागलं असेल ते मला कळतं." मग लगेच कामाला लागल्या. जानेवारीपासूनच्या माझ्या सगळ्या काचा बाहेरच्या प्रयोगशाळेत पुन्हा वाचायला जाणार. सव्वीसशेच्या वर आहेत. तोपर्यंत मी खिडकीवर.

टेबल आवरताना एक्सप्रेस पांढराफटक. "ताई, कशाला सांगितलंत? एखादा ट्रे नाही आठवला तर काय आभाळ कोसळलं? मला विचारायचंत तरी!" मी म्हटलं, "तुला विचारून काय होणार होतं?" तो काही बोलणार होता, तेवढ्यात मॅडमनी त्याला हाक मारली. घाबरला बिचारा माझ्यासाठी.

माझा शिक्का मॅडमच्या खणात. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

२१ मार्च, शनिवार

झोपले. नुसती झोपले.

२६ मार्च, गुरुवार

खिडकी. इथे काचा नाहीत, माणसं आहेत. बावीस वर्षांत मी हजारो बायकांच्या पेशी बघितल्या आणि चेहरा एकीचा नाही. आज एकीनं डबी पुढे सरकवताना विचारलं, "दुखत नाही हो काही, पण भीती वाटते. तुमच्याकडचे वाचणारे चांगले आहेत ना?"

काय सांगू तिला? "चांगले आहेत," म्हटलं. "फार काळजीनं वाचतात." ती म्हणाली, "मग बरं." मी तिचं नाव नोंदवताना दोनदा तपासलं, तिसऱ्यांदाही तपासलं. मागे रांग खोळंबली, कोणीतरी चक् केलं. करू दे.

एक चांगलं— संध्याकाळी पेपर वाचला आणि शेवटाला पोचले तेव्हा सुरुवात आठवत होती. सासूबाईंनी परीक्षा घेतली. नव्वद टक्के दिले. दहा उच्चाराचे कापले.

३१ मार्च, मंगळवार

डॉक्टर म्हणाले चेहरा बदललाय. मन आधी सावरतं, डोकं मागून येतं, कधी बरंच मागून. धीर धरा. तोच धीर तर संपलाय म्हटलं. काचांचा निकाल नाही. जीव टांगणीला.

त्यांच्या शर्टाचं बटण अखेर तुटलं वाटतं. आज त्या जागी पिन होती.

२ एप्रिल, गुरुवार

एक्सप्रेस खिडकीशी दोनदा येऊन उभा राहिला. "काय रे?" "काही नाही, ताई." वाळलाय. त्याला म्हटलं, माझी काळजी सोड, जेवत जा.

७ एप्रिल, मंगळवार

एक सुटली.

सव्वीसशे काचांत एक. मॅडम म्हणाल्या, हे प्रमाण कोणाही निरोगी वाचणाऱ्यापेक्षा चांगलं आहे. मी ऐकतच नव्हते. म्हटलं, मला दाखवा. त्यांनी लावली. काचेच्या अगदी कडेला सात-आठ पेशींचा झुबका. केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी. मला मिनिटभरात दिसल्या! आजारी आहे, खिडकीवर बसते, तरी मिनिटभरात. मग तेव्हा का नाही दिसल्या?

चिठ्ठी उलटून तारीख बघितली. दहा मार्च. तिसरा ट्रे. न आठवणारा.

ती बाई पस्तीस वर्षांची आहे. मॅडमनी स्वतः फोन केला. अगदी सुरुवातीचं आहे, छोट्याशा उपचारानं भागेल, महिन्याभराच्या उशिरानं काही बिघडलेलं नाही. हे मॅडमनी मला तीनदा सांगितलं. मी सांगितलं नसतं तर तीन वर्षं कळलं नसतं, हे चौथ्यांदा. सगळं खरं. पण शिक्का सातचा होता.

एक्सप्रेस तिथेच होता. काच त्यानंही बघितली. बघून उठला आणि न सांगता घरी गेला.

८ एप्रिल, बुधवार

राजीनामा लिहिला. चार ओळींचा, पण अडीच तास लागले. डोळ्यांना दिसत होतं, हाताला शिक्का मारता येत होता, आणि मधला माणूस गायब— अशा बाईनं मायक्रोस्कोपला हात लावू नये. बरी झाले तरी नाही. बरी झालेय हे ठरवणारंही तेच डोकं, त्याचा भरवसा काय? उद्या देणार. मास्तरनं माझे बूट पुसून दाराशी ठेवले.

एक्सप्रेस आज आलाच नाही.

९ एप्रिल, गुरुवार

निघणार तेवढ्यात एक्सप्रेस दारात. हेल्मेट हातात, डोळे सुजलेले. आत ये म्हटलं तरी येईना. उभ्यानंच म्हणाला, "मॅडमना सांगून आलोय. ते चारही ट्रे मी वाचले, ताई. तुम्ही डॉक्टरांकडे गेलात की उचलायचो. तुमचे साठ भरावेत म्हणून शिक्का तुमचा मारायचो. तुम्ही दया नको म्हणाला होतात, म्हणून बोललो नाही. ती माझ्याच हातून सुटली."

मारावंसं वाटलं. मग तो उंबऱ्यावरच मटकन बसला, मीही त्याच्याशेजारी बसले. सासूबाईंनी आतून दोघांना चहा पाठवला.

मला आठवत नव्हतं, कारण मी ते वाचलेच नव्हते. दीड महिना मी माझ्या डोक्याला खोटं पाडत होते. ते बिचारं खरं सांगत होतं.